पाण्यातून हवेकडे

हवेतील कार्बन डायऑक्साइड यंत्राने सलगपणे मोजण्यास १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१५ रेणू होते. आज हा आकडा ४२०च्या पुढे गेला आहे. दहा लाखांमागे किती, हे सांगणाऱ्या या मापाला पीपीएम म्हणतात. कीलिंग यांच्या आधीच्या काळासाठी अंटार्क्टिकाचे बर्फ कामी येते, कारण बर्फाच्या थरांत कोंडलेले बुडबुडे म्हणजे त्या त्या काळची प्रत्यक्ष हवाच असते, आणि डोम सी या ठिकाणी खोदून काढलेल्या गाभ्यातून ८ लाख वर्षांचा सलग हिशेब लागतो. या साऱ्या काळात हिमयुगे आली आणि गेली, तरी कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएम यांच्या दरम्यानच वरखाली होत राहिला. काही ठिकाणी याहून जुन्या बर्फाचे तुकडे हाती आले असले, तरी पृथ्वीच्या इतिहासात अंटार्क्टिकावर हिमाचे आच्छादनच नव्हते असा फार मोठा काळ होऊन गेला, आणि त्या काळच्या हवेचा एकही बुडबुडा कोठे शिल्लक नाही. तेथे अप्रत्यक्ष पुराव्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि अशा पुराव्यांत सर्वांत तपशीलवार पुरावा समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी मागे ठेवला आहे.

स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध न जाता पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या लहानमोठ्या जीवांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी या प्रकरणाशी संबंध आहे तो मुख्यत्वे दोन गटांचा. पहिला गट फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांचा. हे जीव पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कॅल्साइट या खनिजाचे अनेक कप्प्यांचे कवच बांधतात, आणि ते कवच बहुधा वाळूच्या कणाएवढे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२६ साली त्यांना हे नाव दिले तेव्हा कवचाच्या वेटोळ्या घडणीवरून ही माखलांची चिमुकली भावंडे असावीत असा त्याचा समज होता. ते एकपेशीय आहेत हे फेलिक्स द्युजार्दँ याने १८३५ साली दाखवून दिले. दुसरा गट कोकोलिथोफोर या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या आणि अंगाभोवती कॅल्साइटच्या सूक्ष्म चकत्या मिरवणाऱ्या शैवालांचा. इंग्लंडच्या डोव्हर किनाऱ्यावरचे पांढरेशुभ्र कडे या चकत्यांचेच बनलेले आहेत.

जीव मेला की कवच तळाकडे जाते. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांचे सर्वेक्षण करणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने तळाचा गाळ वर काढला, तेव्हा महासागरांच्या तळाचा केवढा तरी भाग ग्लोबिजेरायना या फोरॅमिनिफेराच्या कवचांनी भरलेल्या चिखलाने आच्छादलेला आहे हे स्पष्ट झाले. किनाऱ्यापासून दूर, जेथे नद्यांची माती पोहोचत नाही, तेथे हा चिखल हजार वर्षांत जेमतेम एकदोन सेंटिमीटर साचतो, त्यामुळे काही शे मीटर लांबीच्या गाळाच्या गाभ्यात कोट्यवधी वर्षे सामावतात. असे गाभे काढण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम १९६८ साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजावर सुरू झाली, आणि पुढे ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने ते काम २०२४ पर्यंत चालवले. याच जहाजाने २०१५ साली मुंबई-गोव्याच्या पश्चिमेला, अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात विवरे खणली. वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्राचे धनंजय पांडे हे त्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते.

कॅल्साइटच्या कवचात कार्बन असतो खरा, पण त्या कार्बनच्या वजनावरून हवेत किती कार्बन डायऑक्साइड होता हे मुळीच कळत नाही, कारण कवचातील कार्बनचा वाटा ठरलेलाच असतो. उपयोग होतो तो त्यात अशुद्धी म्हणून शिरलेल्या बोरॉन या मूलद्रव्याचा. समुद्राच्या पाण्यात बोरॉन दोन रूपांत राहतो. एक रूप बोरिक आम्लाचे, म्हणजे कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या सरकाव्यात म्हणून जी पावडर टाकतात त्याच पदार्थाचे. दुसरे रूप बोरेट या ऋणभारित आयनाचे. पाण्यात या दोन रूपांची वाटणी कशी असेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे ते किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या मापावर अवलंबून असते: सामू जितका कमी, म्हणजे पाणी जितके आम्लाकडे झुकलेले, तितके बोरिक आम्ल जास्त आणि बोरेट कमी. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल तयार होते आणि सामू खाली येतो. औद्योगिक युगाच्या आरंभी समुद्रपृष्ठाचा सरासरी सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१च्या खाली उतरू लागला आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड, पाण्याचा सामू आणि बोरॉनची वाटणी अशी ही साखळी आहे.

या साखळीची शेवटची कडी समस्थानिकांची आहे. एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. निसर्गातील बोरॉनचे सुमारे ८० टक्के अणू बोरॉन-११ चे आणि उरलेले हलक्या बोरॉन-१० चे असतात. हे जड-हलके अणू दोन्ही रूपांत सारख्या प्रमाणात वाटले जात नाहीत; जड अणूंचा ओढा बोरिक आम्लाकडे असतो, आणि त्यातील जड अणूंचे प्रमाण बोरेटमधल्यापेक्षा दर हजारी सुमारे २७ ने अधिक भरते. पाण्याचा एकूण बोरॉन तर तेवढाच राहतो. म्हणून पाणी अल्कधर्मी होऊन बोरेटचा वाटा वाढला की बोरेटला जड अणूही अधिक मिळतात, आणि सामू उतरला की बोरेटमध्ये हलके अणू तुलनेने अधिक उरतात. कवच बांधताना फोरॅमिनिफेरा प्रामुख्याने बोरेट आत घेतात. तेव्हा कवचातील जड आणि हलक्या बोरॉनचे गुणोत्तर काढले, की ते कवच ज्या पाण्यात घडले त्याचा सामू हाती येतो. समुद्री कार्बोनेटांच्या बाबतीत हा विचार १९९२ साली हेमिंग आणि हॅन्सन यांनी मांडला, आणि लगोलग तो फोरॅमिनिफेराच्या जीवाश्मांवर वापरला जाऊ लागला.

सांगायला सोपी वाटणारी ही पद्धत करायला अतिशय किचकट आहे. गाळ चाळणीवर धुऊन घेतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून एकाच जातीची, शक्यतो एकाच आकारमानाची शंभरेक कवचे निवडावी लागतात, कारण जात बदलली की उत्तर बदलते आणि आकार बदलला तरी थोडेफार बदलते. मग काचपट्ट्यांमध्ये ती हलकेच फोडून कप्पे उघडे केले जातात, आत चिकटलेली माती ध्वनिलहरींच्या कंपनांनी सुटी करून पुन्हा पुन्हा धुतली जाते, सेंद्रिय अवशेष हायड्रोजन पेरॉक्साइडने नाहीसे केले जातात, आणि मगच तो चुरा सौम्य आम्लात विरघळवून मास स्पेक्ट्रोमीटर या अणूंची वजनानुसार विभागणी करणाऱ्या यंत्रात सोडला जातो. एवढ्या खटाटोपानंतर हाती आलेला बोरॉन ग्रॅमच्या अब्जांशांत मोजण्याइतका असतो. प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी उष्णतारोधक काच बोरॉन घालूनच बनवलेली असते, हवा गाळणाऱ्या नेहमीच्या गाळण्यांतही तसलीच काचतंतूंची जाळी असते. त्यामुळे या कामासाठी काचेची भांडी टाळून टेफ्लॉनची वापरावी लागतात आणि खोलीतील हवाही वेगळ्या गाळण्यांतून आणावी लागते. खोलीतून उडालेला बोरॉन नमुन्यात मिसळला, तर उत्तर लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचे न राहता त्या खोलीचे होईल.

त्यातच हे जीव स्वतःभोवतीच्या पाण्यात ढवळाढवळ करतात. उष्ण समुद्रांतील काही फोरॅमिनिफेरा आपल्या काट्यांवर सूक्ष्म शैवाले बाळगतात. उन्हात ती शैवाले कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि कवचालगतच्या पाण्याचा सामू वाढवतात. शैवाले न बाळगणाऱ्या जातींचा श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड उलट तो सामू उतरवतो. म्हणजे कवचावर उमटतो तो समुद्राचा सामू नसून त्या जीवाभोवतीच्या पातळ पाण्याच्या थराचा सामू असतो. यावर उपाय एकच होता, आणि तो शास्त्रज्ञांनी चिकाटीने केला: पाणबुड्यांकरवी समुद्रातून जिवंत फोरॅमिनिफेरा एकेक करून बरणीत गोळा करायचे, सामू मुद्दाम कमीजास्त केलेल्या पाण्यात ते वाढवायचे, आणि त्यांनी बांधलेल्या कवचांवरून त्या जातीपुरता दुरुस्तीचा हिशेब बसवायचा. आज हयात असलेल्या जातींच्या बाबतीत हे जमते. नामशेष जातींच्या बाबतीत मात्र त्यांची जीवनशैली आजच्या कोणत्या जातीशी जुळत होती याचा अंदाजच बांधावा लागतो, आणि काळात जसजसे मागे जावे तसतसा हा अंदाज सैल होत जातो.

पाण्याचा सामू कळला म्हणून हवा कळली असेही होत नाही, आणि येथेच अनेक लोकप्रिय लेखांत घाई केली जाते. समुद्राचे पृष्ठ आणि वरची हवा यांच्यातील कार्बन डायऑक्साइड समतोलात असेल तरच पाण्यावरून हवेचा निष्कर्ष काढता येतो. भारताच्या पश्चिमेचा समुद्र या कसोटीला उतरत नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोराने सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते. ते कार्बन डायऑक्साइडने समृद्ध असल्यामुळे तेथे समुद्र हवेला हा वायू देत असतो, आणि तेथील कवचे जगाच्या हवेपेक्षा मोसमी वाऱ्यांचा जोर अधिक सांगतात. पावसाळ्याच्या इतिहासासाठी अरबी समुद्राचा गाळ अनमोल आहे. जागतिक हवेसाठी मात्र महासागरांच्या मध्यभागातील, खालून पाणी वर न येणारे संथ पट्टे निवडावे लागतात. शिवाय सामू हे कार्बनच्या रसायनातील केवळ एक पद आहे; त्याच्या जोडीला पाण्याची अल्कता किंवा त्यातील एकूण विरघळलेला कार्बन यांपैकी एखादे दुसरे पद धरावे लागते, आणि ते बहुधा समुद्राच्या रसायनाबद्दलच्या गणितातून घ्यावे लागते. सुदैवाने उत्तरावर सामूचा प्रभाव इतका मोठा आहे, की दुसऱ्या पदातील चूक बऱ्याच अंशी खपून जाते.

एवढ्या अटी पाळून निघालेले उत्तर खरे की खोटे, हे तपासण्याची सोय बर्फाने करून ठेवली आहे. ज्या काळासाठी बुडबुडे उपलब्ध आहेत त्याच काळातील कवचे मोजली असता हिमयुगांचे चढउतार बोरॉनमध्येही जवळपास तसेच उमटलेले दिसतात, आणि या मेळामुळेच त्यापलीकडच्या काळासाठी ही पद्धत वापरण्याचा धीर झाला. २००९ साली बार्बेल हॉनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या गाळातून २१ लाख वर्षांचा आलेख मांडला. हिमयुगांची लय सुमारे ४१ हजार वर्षांवरून १ लाख वर्षांवर गेली त्याआधीच्या हिमकाळांत कार्बन डायऑक्साइड नंतरच्या हिमकाळांपेक्षा सुमारे ३० पीपीएमने अधिक होता, असे त्यातून निघाले.

बोरॉनहून स्वतंत्र असा दुसरा साक्षीदार कोकोलिथोफोरांकडे आहे. एमिलियानिया हक्सलेयी ही जात आणि तिचे भाईबंद अल्केनोन नावाचे लांब साखळीचे रेणू तयार करतात, आणि हे रेणू इतके चिवट असतात की कोट्यवधी वर्षांच्या गाळातही ते ओळखू येतात. प्रकाशसंश्लेषण करणारी पेशी जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ पसंत करते. कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल तेव्हा तिला ही आवडनिवड परवडते, टंचाई असेल तेव्हा मिळेल तो घ्यावा लागतो. म्हणून अल्केनोनमधील कार्बन जितका हलका, तितका पाण्यातील विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अधिक, असा तर्क केला जातो. मार्क पगानी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याच रेणूंवरून दाखवले, की इओसीन युगाच्या मध्यापासून अखेरीपर्यंत १००० ते १५०० पीपीएम असलेले प्रमाण ऑलिगोसीन युग संपता संपता जवळजवळ आजच्या पातळीवर आले होते. मात्र पेशी किती वेगाने वाढत होती आणि ती केवढी होती यावरही हा हलकेपणा अवलंबून असतो, आणि टंचाईच्या काळात ही शैवाले पेशीच्या आत कार्बन ओढून साठवण्याची व्यवस्था चालू करत असावीत, त्यामुळे कमी प्रमाणांच्या काळात अल्केनोनची साक्ष बोथट होते. हिमयुगांसारख्या काळासाठी बोरॉनवर, आणि त्याहून पूर्वीच्या उष्ण काळासाठी दोहोंच्या मेळावर विसंबावे, हाच सध्याचा शहाणपणा दिसतो.

जीवाश्मांची स्थितीही फसवू शकते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण टांझानियातून आले. खोल समुद्रातील जुनी कवचे तळाच्या थंड पाण्यात पडून राहिल्याने त्यांचे कॅल्साइट हळूहळू विरघळून पुन्हा स्फटिकरूपात जमते. अशी कवचे सूक्ष्मदर्शकाखाली साखरेच्या दाण्यांसारखी पांढरी आणि खरबरीत दिसतात, आणि त्यांच्या रसायनात वरच्या ऊबदार पाण्याऐवजी तळाचा गारठा शिरलेला असतो. या कवचांवर विसंबल्याने इओसीन काळात ध्रुवप्रदेश ऊबदार पण उष्ण कटिबंध मात्र थंड, असे एक विचित्र चित्र कित्येक वर्षे शास्त्रज्ञांना छळत होते. टांझानियाच्या किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली असलेली चिकणमाती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे तिच्यातील कवचे काचेसारखी पारदर्शक राहिली होती. पॉल पीअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ती मोजली, तेव्हा त्या काळचा उष्ण कटिबंध आजच्याइतका तरी ऊबदार होताच, असे दिसले आणि ते कोडे बरेचसे सुटले.

पुढे २००९ साली याच मातीतील कवचांच्या बोरॉनवरून पीअरसन, गॅव्हिन फॉस्टर आणि ब्रिजेट वेड यांनी अंटार्क्टिकावर हिमाचे आच्छादन चढले तो, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा काळ तपासला. हवेतील कार्बन डायऑक्साइड साधारण ७५० पीपीएमच्या आसपास उतरला की अंटार्क्टिकावर कायमचे हिम जमू लागेल, असा हिशेब रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी २००३ साली संगणकावर मांडला होता. कवचांतून निघालेली घसरण त्याच्याशी जुळली. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोन मार्गांनी एकाच आकड्याजवळ पोहोचणे, हे या क्षेत्रात क्वचित घडते.

गाळाने नोंदलेली सर्वांत नाट्यमय घटना मात्र त्याही आधीची, ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस या सागरी पर्वतरांगेवर २००३ साली घेतलेल्या गाभ्यांत पांढरा चुनेरी गाळ एका जागी अचानक संपतो आणि तांबूस मातीचा पट्टा लागतो: तेथे कवचे पडली नव्हती असे नव्हे, पाणी इतके आम्लाकडे झुकले होते की तळाशी पोहोचलेली कवचे विरघळून गेली. मग हळूहळू माती फिकट होत पुन्हा पांढरा गाळ सुरू होतो, आणि या पूर्ववत होण्याला लाखाहून अधिक वर्षे लागली. पृथ्वीचे तापमान त्या वेळी सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढले होते. पृष्ठभागाजवळ जगलेल्या फोरॅमिनिफेराच्या बोरॉनवरून तेथील सामू सुमारे ०.३ ने घसरल्याचे दिसते. हा कार्बन नेमका कोठून आला यावर अजून वाद आहे. त्याचा वेग मात्र, उपलब्ध अंदाजांनुसार, आज खनिज इंधनांतून दरवर्षी सुटणाऱ्या सुमारे १००० कोटी टन कार्बनच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच होता.

या पुराव्यांची मांडणी जगभरच्या संशोधकांनी एकत्र येऊन २०२३ साली नव्याने केली. संशयास्पद नमुने वगळून, जुनी गणिते नव्या दुरुस्त्यांसह पुन्हा करून, जमिनीवरील वनस्पतींच्या पानांसारखे पुरावेही जोडीला घेऊन ६ कोटी ६० लाख वर्षांचा जो आलेख तयार झाला, त्यात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वांत उष्ण काळात प्रमाण १६०० पीपीएमच्या जवळ पोहोचलेले दिसते, आणि आजच्याइतके प्रमाण यापूर्वी सातत्याने होते ते सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. याआधी हा मान ३० लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन काळाला दिला जात असे, जेव्हा पृथ्वी औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे ३ अंशांनी उष्ण होती आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा कित्येक मीटर उंच होती. आकडा बदलला तो काळजीपूर्वक केलेल्या छाननीमुळे, आणि तो आणखीही थोडाफार बदलेल.

या आलेखाच्या पलीकडच्या टोकाशी महाराष्ट्राचा कातळ उभा आहे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याचे बनले, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही लाख वर्षे थराथराने वाहत होता आणि त्याबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू बाहेर पडत होते. त्याच सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे अशनी आदळला आणि डायनोसॉर नाहीसे झाले; समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेराच्या तर जवळपास ९० टक्के जाती संपल्या. दोष ज्वालामुखींचा की अशनीचा, हा वाद अनेक दशके चालला आहे. मायकेल हेनेहान आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली नेदरलँड्समधील गॉयलहेमरबर्ग गुहेतील मातीत उत्तम टिकलेल्या कवचांचे बोरॉन मोजले, तेव्हा अशनीच्या आघातानंतर लगेच सामू सुमारे पाव एककाने कोसळलेला दिसला, पण त्याआधीच्या काळात दख्खनच्या वायूंमुळे समुद्र सतत आम्लधर्मी होत गेल्याची खूण मिळाली नाही. दख्खनच्या वायूंनी आघातापूर्वी हवामान सुमारे २ अंशांनी तापवले होते हे इतर पुराव्यांवरून दिसते. पण ते तापणे विनाशाच्या आधीच ओसरले होते. उलट पुढच्या काळात या कातळाने वेगळेच काम केले: पाऊस आणि उष्णता यांनी बेसाल्ट झिजताना हवेतील कार्बन डायऑक्साइड खनिजांत बांधला जातो, त्यामुळे भारताचा भूखंड विषुववृत्ताजवळून सरकत असताना दख्खनच्या झिजेने पृथ्वीच्या दीर्घकालीन थंडाव्याला हातभार लावला असावा, असे काही संशोधक मानतात.

त्याहून मागे या साक्षी विरळ होतात. समुद्रातील एकूण बोरॉनचे समस्थानिक गुणोत्तर एक-दोन कोटी वर्षांत बदलू शकते, आणि ते माहीत नसेल तर कवचाच्या गुणोत्तरावरून सामू काढता येत नाही. इओसीनच्या आकड्यांभोवती काही शे पीपीएमची अनिश्चितता लिहिली जाते ती मुख्यतः याच कारणाने. तरंगणारे फोरॅमिनिफेरा ज्युरासिक काळाच्या आधी आढळत नाहीत. आणि महासागरांचा तळ सतत भूखंडांखाली सरकत जाऊन पृथ्वीच्या पोटात गडप होत असल्यामुळे, आज कोठेही सुमारे १८ कोटी वर्षांहून फारसा जुना खोल समुद्राचा तळ खोदायला उरलेला नाही. त्याआधीच्या काळासाठी जमिनीवर उचलले गेलेले खडक आणि प्राचीन पानांवरील छिद्रे यांच्याकडेच वळावे लागते.